एक, सहा, अकरा आणि मधला तीन

आमच्या कॉम्प्लेक्समधल्या क्लासवाल्या सरांनी मला फसवलं. सगळ्या दुकानदारांसमोर हातावर हात मारून दिलेला शब्द त्यांनी गुपचूप मोडला. त्यात माझा एक पैसाही त्यांनी खाल्ला नाही. खाल्ला असता तर बरं झालं असतं. पैसे कुणाकडून कसे काढायचे ते मला येतं, आयुष्यभर तेच केलंय. त्यांनी माझ्या बहिणीचं उत्तर खाल्लं, आणि ते कुणाच्या घशातून काढून आणायचं हे मला अजून कळलेलं नाही.

माझं दुकान तळघरात आहे. पाण्याच्या मोटारी आणि त्यांचे सुटे भाग विकतो. संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही, येतं तेव्हा त्याला जोर नसतो, म्हणून माझा धंदा कधी बसला नाही. गाळा घेताना 'तळघर आहे, अंधार आहे, ओल येते' असं म्हणत मी बिल्डरला अगदी रडकुंडीला आणलं होतं, आणि त्या सौद्याचा मला फार वर्षं अभिमान होता. तळघरात मोबाइलला रेंज मिळत नाही हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं असतं? इंटरनेटची वायर तळमजल्यावर जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबलेली. स्लॅबला भोक पाडायला कॉम्प्लेक्सच्या कमिटीची मनाई, कारण पाणी मुरतं. जिन्यातून वायर सोडली तर ती लोकांच्या पायात येते. म्हणजे राउटर वर आणि मी खाली. नवा, जास्त वेगाचा राउटरही आणून बघितला. त्याची ती वेगवान लाट स्लॅबमधून खाली उतरेना. दुकानदाराशी भांडून तो परत केला आणि जुन्यावरच भागवलं.

हे सगळं करायचं कारण माझी मोठी बहीण. आम्ही तिला अक्का म्हणायचो. ती कन्नडजवळच्या गावी राहायची. तिच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी तिचं स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला भोक, त्यातून श्वास. जिचा आवाज तीन शेतं ओलांडून यायचा, ती बाई एका दिवसात गप झाली. दवाखान्यातून तिला चित्रांचा एक पुठ्ठा दिला होता. पाण्याचं चित्र, भाकरीचं चित्र, दुखतंय म्हणून रडणारं तोंड. हवं त्या चित्रावर बोट ठेवायचं. अक्कानं पहिल्याच दिवशी तो पुठ्ठा चुलीत घातला. शाळेत ती गेली नव्हती, त्यामुळे पाटीवर लिहिण्याचाही प्रश्न नव्हता.

पण आमच्याकडे एक बोली होती. आमचे वडील कन्नडच्या बाजारात जनावरांचे दलाल. बैलाचा भाव तिथं तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचा. एक बोट, दोन बोटं, मुडपलेलं बोट म्हणजे अर्धा. मूठ गच्च आवळली की सौदा झाला, पंजा उघडून सोडला की सौदा मोडला. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. वडील रोज रात्री जेवल्यावर अक्काच्या हातावर सराव करायचे, कारण तिची बोटं घरात सगळ्यांत हुशार. तिला बाजारात कधी कुणी उभं केलं नाही, बाईमाणूस म्हणून. वडील गेल्यावर ती बोली तिनं मला शिकवली. मिसरूड फुटायच्या आधी मी बाजारात उभा राहिलो तो तिच्या जिवावर. पुढं शहरात आलो, वाळूजला एका कंपनीत राबलो, मग दुकान टाकलं. पण कुणाच्याही हातात हात दिला की समोरचा किती खाली येणार हे मला आजही कळतं. ते शिक्षण अक्काचं.

तर ऑपरेशननंतर ती बोटांनी बोलायला लागली, आणि ते घरात दुसऱ्या कुणालाच कळेना. ना तिच्या पोराला, ना सुनेला. कळत होतं फक्त मला, आणि मी साठेक किलोमीटर लांब. म्हणून रोज दुपारी व्हिडिओ कॉल. सून कामं उरकून मोबाइल उशीला टेकवून ठेवायची आणि अक्काला बसतं करायची. ती वेळ ठरलेली, कारण सकाळी तिला धाप असायची आणि संध्याकाळी गोळीची गुंगी.

पहिल्यांदा तिचा हात मोबाइलवर बघितला तेव्हा मला विचित्र वाटलं. उभ्या जन्मात ती बोटं मी बघितलीच नव्हती, रुमालाखाली नुसती चाचपली होती.

"अक्का, आज दुखण्याचा भाव काय?" मी विचारायचो.

ती चार बोटं दाखवायची.

"चार लई होतात. गिऱ्हाईक पळंल. तीनवर ये."

ती मान हलवायची. नाय म्हणजे नाय.

"बरं, माझं ऱ्हाऊ दे, तुझं ऱ्हाऊ दे. साडेतीन."

मग ती चौथं बोट हळूच मुडपायची आणि हसायची. आवाज नसलेलं हसू फार वाईट दिसतं. खांदे हलतात, डोळ्यांत पाणी येतं आणि गळ्याच्या भोकातून नुसता वारा. मी पण हसायचो. मग कॉल संपल्यावर कुणी गिऱ्हाईक भाव करायला आलं की त्याच्यावर विनाकारण खेकसायचो.

थोड्याच दिवसांत चित्र अडकायला लागलं. अक्काचा हात अर्धा वर जायचा आणि तिथंच गोठायचा. चाक फिरत राहायचं. चित्र परत यायचं तेव्हा ती हात खाली ठेवून माझ्याकडे बघत असायची, सांगून झालं म्हणून. बोलणाऱ्या माणसाचा शब्द तुटला तर पुढच्या शब्दावरून मागचा कळतो. बोटांचं तसं नसतं. तीन होती का चार, हे गेलं की गेलं. कधी कधी मी जिना चढून रस्त्यावर जायचो, तिथं रेंज असायची. पण दुपारच्या त्या उन्हात मोबाइलच्या काचेवर माझंच तोंड दिसायचं. शर्टाखाली डोकं घालून बघितलं, लोक हसले. आणि दुकानात मी एकटा, शटर किती वेळा ओढणार?

इंटरनेटच्या कंपनीत फोन करून शिव्या दिल्या तेव्हा त्यांचा माणूस आला. "लाइन ओके आहे, शेठ. गर्दी तुमच्या बिल्डिंगच्या हवेत आहे," एवढं बोलून गेला. हवेत गर्दी! मग मी मोबाइलवर ते ॲप घेतलं ज्यात आजूबाजूचे सगळे राउटर डोंगरांसारखे दिसतात. बघतो तर एकावर एक, एकावर एक, पोळ्याला वेशीत बैल दाटतात तसे. प्रत्येक दुकानाचा एक राउटर. त्यात नंबर असतात, चॅनल म्हणतात त्यांना. दिसायला एकापासून तेरापर्यंत, पण प्रत्येक जण आपल्या नंबरावर बसून शेजारच्या चार-चार नंबरांवर पाय पसरतो. एकमेकांना न लागता बसायला जागा तीनच: एक, सहा आणि अकरा. आणि यातली खरी गोम अशी की दोन राउटर एकाच नंबरावर असले तर ते एकमेकांचं ऐकतात, हा बोलला की तो थांबतो, पाळी लावून घेतात. पण कुणी मधेच तीनवर किंवा चारवर जाऊन बसला, तर एकवाल्याला आणि सहावाल्याला त्याचं बोलणं कळतच नाही, नुसता कल्ला ऐकू येतो. मग पाळी कोण कुणाची धरणार?

हे मला कळायला बरेच दिवस गेले, पण कळलं तेव्हा वाटलं, हा तर सौदा आहे, आणि सौदा मला करता येतो.

मी सगळ्या दुकानदारांची मीटिंग बोलावली. जागा सरांचा क्लास, तळमजल्यावर, बरोबर माझ्या डोक्यावर. सर तिथं कॉम्प्युटर शिकवतात, शिवाय कमिटीचे सेक्रेटरी. मी माझ्या भाषेत समजावत होतो आणि कुणाला काही कळत नव्हतं. तेव्हा सर उठले, हातात मार्कर घेतला आणि पांढऱ्या फळ्यावर तीन डोंगर काढले. एक, सहा, अकरा. मग लाल मार्करनं मधे चौथा डोंगर काढला, तीनवर, आणि म्हणाले, "ही जागा रिकामी दिसते, बरं का. पण इथं जो बसेल तो दोन्हीकडच्यांचं वाटोळं करेल." इतकं सोपं करून मलाही सांगता आलं नसतं. मी मनात म्हणालो, माणूस शिकलेला आहे, कामाचा आहे.

आमच्या इथं एक म्हातारे टेलर आहेत, सगळे त्यांना चचा म्हणतात. ते सुई दातात धरून म्हणाले, "अब हवा भी बांट रैं क्या तुम लोगां? पानी बांट के पेट नै भरा?"

सगळे हसले. वरच्या मजल्यावरचा फोटोवाला म्हणाला, "शेठला एवढी काय घाई? दुपारी पिक्चर बघायचाय का?"

मग मी अक्काचं सांगितलं. लोकांसमोर घरचं सांगायची मला सवय नाही. सांगताना आवाज चढला, चिडल्यासारखा झाला. चचांनी सुई दातातून काढली. फोटोवाल्यानं मान खाली घातली.

ठरलं ते असं. तळघरानं एक घ्यायचा, तळमजल्यानं सहा, वरच्यांनी अकरा. मधे कुणी बसायचं नाही. कागद केला नाही, कारण शब्दावर मी लाखाची जनावरं इकडची तिकडं केलेली आहेत. एकेकाच्या हातावर हात मारत गेलो. सर शेवटी होते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "शेठ, ताईंच्या वेळेला तर आमच्या क्लासचं डाउनलोडसुद्धा बंद ठेवतो. निश्चिंत राहा."

मी निश्चिंत राहिलो. पुढचे काही महिने चित्र असं स्वच्छ यायचं की अक्काच्या अंगठ्यावरचा विळ्याचा जुना व्रणसुद्धा दिसायचा. आम्ही दुखण्याचा भाव केला, सुनेच्या भाकरीचा केला, माझ्या वजनाचा केला. तिनं मला एकदा बोटांनी सांगितलं की हा मोबाइल म्हणजे रुमालापेक्षा बरा, तोंड पण दिसतं. हे सांगायला तिला बराच वेळ लागला, कारण आमच्या बोलीत आकडे सोडून फारसं काही नाही. पण सगळं पोचलं. एकही बोट गळलं नाही.

मग गाठ परत आली. खाली, छातीकडं सरकलेली. डॉक्टरांनी मला एकट्याला बसवून सांगितलं की दुसरं ऑपरेशन केलं तर थोडे महिने मिळतील, पण कदाचित ते सगळे दवाखान्यातच जातील. नाही केलं तर घरी, गोळ्यांवर, जितके दिवस असतील तितके. मी डॉक्टरांशीही घासाघीस केली. थोडं इकडून, थोडं तिकडून, काहीतरी मधलं काढा म्हणालो. ते म्हणाले, यात मधलं काही नाही, पेशंटला विचारा.

रविवारी गावी जाऊन मी अक्काला सगळं सांगितलं. लपवलं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि बोटानं खूण केली, उद्या. ती अशीच होती. कोणताही सौदा असो, एक रात्र गेल्याशिवाय शब्द द्यायची नाही, आणि एकदा दिला की पुन्हा विचारलेलं तिला चालायचं नाही. भाऊ असलो तरी मला तिथं थांबायचा हट्ट करता आला असता का? तिनं हातानं मला उठवलं आणि एसटीकडं बोट केलं.

सोमवारी दुपारी मी खालीच थांबलो. रस्त्यावर गेलो नाही, कारण जायची गरज उरलेली नव्हती. आमचा सौदा झाला होता ना. सुनेनं मोबाइल टेकवला आणि ती धुणं वाळत घालायला गेली. अक्का ताठ बसली होती, केस विंचरलेले, कपाळाला कुंकू. भाव विचारायच्या आधीच तिनं हात वर केला. मी म्हणालो, "अक्का, सांग. करायचं का ऑपरेशन?"

तिनं हात समोर धरला. बोटं हलायला लागली. आणि चित्र थांबलं.

बोटं अर्धी वळलेली. त्यातून मूठ आवळली जाणार होती का आवळलेली मूठ उघडत होती, हे त्या चित्रावरून देवालाही सांगता आलं नसतं. चाक फिरत राहिलं. कॉल तुटला. परत लावला, तुटला. शटर न ओढता जिना चढून रस्त्यावर पळालो आणि तिथून साधा फोन लावला. सुनेनं उचलला.

"मामा, आत्या आडव्या झाल्या. लई दमल्या. गोळी दिली म्या."

"काय म्हनली ती? हात कसा केला?"

"मला काय कळतंय तुमचं ते? म्या आले तवा हात खालीच व्हता. हसत व्हत्या."

"कसं हसत व्हती?"

"मामा, हसनं हसनंच असतंय की."

संध्याकाळी दुकान बंद करून गावी जाऊन विचारायचं असं मी ठरवलं. पुन्हा विचारलेलं तिला चालत नसलं तरी मी तिच्या पाया पडून विचारणार होतो. पण उन्हं उतरायच्या आत, मी रस्त्यावरच घुटमळत होतो तेव्हा, सुनेचाच फोन आला, श्वास अडकलाय, जीप करून निघालोय. मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. जीप आली तेव्हा अक्का शुद्धीत नव्हती. हात माझ्या हातात घेतला, बोटं दाबून बघितली. समोरून काहीच आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायचं का ते लगेच सांगा. तिच्या पोरानं माझ्याकडं बघितलं. "मामा, आईचं तुमच्याशीच बोलनं झालंय. ती काय म्हनली ते तुमी सांगा."

मी म्हणालो, "हो म्हनली."

काय म्हणणार होतो? अर्ध्या वळलेल्या बोटांवरून माणूस काय वाचतो? त्याला जे हवं असतं तेच वाचतो. मला अक्का हवी होती.

ऑपरेशन झालं. त्यानंतर ती अतिदक्षता विभागात होती. पेशंट नळ्या उपसतात म्हणून तिचे दोन्ही हात मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधलेले होते. भेटीच्या वेळेत मला आत सोडलं, तर ती जागी होती आणि माझ्याकडं बघत होती. मी नर्सला म्हणालो, पट्टी सोडा, तिला बोलायचंय. नर्सनं गळ्याकडं बोट दाखवून मला समजावलं, काका, त्यांना बोलता येत नाही. मी आरडाओरडा केला. वॉर्डबॉयनं मला धरून बाहेर आणलं. माझ्या बहिणीचं तोंड पलंगाला बांधलंय हे त्या मजल्यावर एकाही माणसाला मी पटवू शकलो नाही, आणि मी म्हणे बाजारातला पट्टीचा बोलणारा.

ती तिथंच गेली. घरी आली नाही.

तेरावा करून दुकान उघडलं त्या दिवशी मी ते ॲप लावलं. का लावलं माहीत नाही. दुपार होती, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मोबाइलवर तीन डोंगर होते आणि मधे चौथा. जाडजूड, सगळ्यांत उंच, तीनवर बसलेला. त्यावर सरांच्या क्लासचं नाव.

वर गेलो. पोरं बसली होती. मी मोबाइल सरांच्या समोर धरला. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला आणि लगेच सावरला, पण मला ते उतरणं दिसलं.

"अहो शेठ, परीक्षेचे फॉर्म भरायचे होते त्या आठवड्यात. सहावर पाच दुकानं, काही चालेना. नवीन राउटर लावला, दोन-चार दिवसांसाठी मधे सरकवला. मग परत करायचं राहून गेलं."

"कोनत्या आठवड्यात?"

त्यांनी सांगितलं. तोच सोमवार त्यात होता.

"फळ्यावर तुमीच काढलं व्हतं ना? मधे बसंल तो वाटोळं करंल म्हनून?"

"शेठ, हळू बोला, मुलं आहेत. तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. पण ताईंना काय माझ्या राउटरनं मारलं का?"

मी टेबलावरचा डस्टर उचलून फळ्यावर मारला. पोरं उठून उभी राहिली. तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. कमिटीत आता असं बोलतात की शेठ तापट आहे, बहीण गेल्यापासून डोकं फिरलंय, सरांनी मोठ्या मनानं तक्रार केली नाही. चचा फक्त एकदा जिन्यात म्हणाले, "जबान दिए थे उनो. मैं था वहां." पण हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं, मीटिंगमध्ये नाही.

नाही सर, तुमच्या राउटरनं तिला मारलं नाही. गाठीनं मारलं. मी तेवढा अडाणी नाही. मी विचारतोय ते वेगळं आहे. ती घरी, तिच्या अंगणात, मोकळ्या हातांनी मरायला निघाली होती का, आणि मी तिला धरून दवाखान्यात बांधायला लावलं का? का तिला खरंच थोडं आणखी जगायचं होतं? याचं उत्तर तिनं दिलं होतं. एकदाच दिलं होतं. ते तिच्या पलंगावरून निघून तुमच्या जिन्यापर्यंत आलं आणि तुम्ही मधे बसलेले होता.

मला भरपाई नको. कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये, ज्यांच्यासमोर हात मारला त्या सगळ्यांसमोर उभे राहा, चचा असतील, फोटोवाला असेल, आणि माझ्याकडं बघून सांगा की 'मी शब्द दिला होता, कळत असून मोडला, आणि सांगितलं नाही; सांगितलं असतं तर हा माणूस त्या दुपारी शटर ओढून वर रस्त्यावर सावली शोधत गेला असता.' 'राहून गेलं' म्हणू नका. 'दुःखात सहभागी आहे' म्हणू नका. सर, तुम्ही मला एका तोंडी निरोपानं कळवू शकला असता. का कळवलं नाही? याचं उत्तर द्या.